लिंबावरची सीतेची वेणी

अकोले तालुक्यातल्या डोंगरातल्या एका दवाखान्यात मी नर्स होते. लग्न झालेलं नव्हतं, घरी फारसं कुणी उरलं नव्हतं, आणि बदली होईल तिथं ट्रंक उचलून जायचं हे अंगवळणी पडलं होतं. सत्तर-एकाहत्तरच्या सुमारास पुन्हा हुकूम आला. त्याच आठवड्यात रस्ता रुंद करायला म्हणून दवाखान्यासमोरचा जुना आंबा तोडला.

त्या आंब्याच्या फांद्यांवर सीतेची वेणी होती. चामड्याच्या पट्ट्यांसारखी जाड पानं, आणि पावसाळ्याच्या तोंडाला बारीक पांढऱ्या-जांभळ्या फुलांचा खाली लोंबणारा घोस. आमचे डॉक्टर त्याला ऑर्किड म्हणायचे. माणसं फांद्या जळणाला ओढून नेत होती, त्यातल्या दोन मी मागून घेतल्या. नवं गाव शेवगावच्या बाजूचं, उघड्या माळावरचं. तिथं हे जगणार नाही, असं डॉक्टरांनीही सांगितलं. मी वाद घातला नाही. जगवायचं, एवढं मनाशी ठरवलं आणि दोन्ही फांद्या ओल्या फडक्यात गुंडाळून एसटीत मांडीवर घेऊन बसले.

नव्या गावात मला एका शेतकरी बाईंच्या घरातली रस्त्याकडची खोली मिळाली. नवरा वारलेला, लेकी सासरी, शेत त्या एकट्याच बघायच्या. मी त्यांना मावशी म्हणू लागले. अंगणात त्यांच्या नवऱ्यानं लावलेला कडुलिंब होता, आणि तो बघूनच मला हायसं वाटलं. फांद्या त्यावर बांधू का, असं मी विचारलं.

मावशींनी पानं उलटीपालटी केली आणि सरळ सांगितलं, "बांडगूळ हाय हे. माझा लिंब खाईल. न्हाई बांधायचं."

हे बांडगूळ नाही, हे झाडाचा रस घेत नाही, नुसतं अंगावर बसतं, असं मी समजावलं. त्यांना पटलं नाही. परक्या बाईच्या बोलण्यावर नवऱ्याच्या हातचं झाड कुणी का पणाला लावावं? मग एक रोप फांदीवरून सोडवून मी वनस्पती तुपाच्या रिकाम्या डब्यात लावलं. काळी माती, शेणखत, रोज पाणी. मुळं कुजली आणि पानं देठाशी पिवळी पडून हातात आली. दुसऱ्याला मी मातीचा वास लागू दिला नाही. फांदीसकट खोलीच्या उत्तरेच्या भिंतीवर, वळचणीखाली तारेनं टांगलं.

पुढं पाऊस हुलकावणी देत गेला, आणि बहात्तरला तर आलाच नाही म्हणायचा. विहिरीनं तळ दाखवला. टँकर येई तेव्हा बायका घागरी घेऊन धावत. एका संध्याकाळी मी फांदीवर तांब्यातलं पाणी शिंपडताना मावशींनी बघितलं. ओरडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "जनावरं दावणीला तडफडत्यात, बाई, आन् तुमी फुलाला पाणी घालता." मी तांब्या खाली ठेवला. त्यांचं खोटं नव्हतं. पण रोप मरू द्यायलाही मन तयार होईना.

दवाखान्यात सुया आणि सिरिंजा उकळायचं भांडं होतं. रोज संध्याकाळी त्यातलं उरलेलं पाणी मी स्वतःच बाहेर ओतत असे. ते माणसानं प्यायचं नव्हतं, जनावराला पुरण्याइतकंही नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून ते निववून, वरचं निवळ तेवढं औषधाच्या रिकाम्या बाटलीत भरून मी घरी आणू लागले. त्यात चिंधी भिजवायची आणि फांदीवर पसरलेली मुळं पुसून घ्यायची. कोरडी असताना चुन्यासारखी पांढरी दिसणारी मुळं ओली झाली की हिरवट व्हायची. तो हिरवा रंग दिसला की मला रात्री झोप लागायची. उन्हाळ्यात खालची पानं सुरकुतली, काही गळाली. शेंड्याची राहिली.

मावशी तेव्हा दुष्काळी कामावर खडी फोडायला जात होत्या. अंगठ्यात कपची घुसून हात सुजला, तरी दोन दिवस त्यांनी कुणाला सांगितलं नाही. शेवटी माझ्या दारात आल्या. मी पू काढला, पट्टी बांधली आणि पुढं रोज सकाळी त्यांना खोलीबाहेर वळचणीखाली बसवून पट्टी बदलू लागले. बसल्या जागेवरून ती फांदी समोरच दिसायची. एके दिवशी त्यांनी बाटलीबद्दल विचारलं, तेव्हा पाणी कुठलं ते मी सांगितलं.

मग मीच फांदी उतरवून त्यांच्या मांडीवर ठेवली. म्हटलं, "मावशी, नखानं खरवडून बघा. ही फांदी कधीची मेलीय. बांडगूळ असतं तर हेही तिच्यासंगं मेलं असतं."

त्यांनी धडधाकट हाताच्या नखानं साल उकरली. आत नुसता भुसा होता. मग एक मूळ खरवडलं. ते आतून हिरवं होतं. दोन्हीकडं बघून त्या म्हणाल्या, "बांधा. पर माझा लिंब सुकाया लागला, तर तुमच्याच हातानं तोडायचं."

मी कबूल केलं. जुन्या लुगड्याची पट्टी त्यांनीच फाडून दिली. लिंबाच्या बेचक्यात, दुपारची सावली राहील अशा जागी मी रोप बांधलं. त्र्याहत्तरला पाऊस बरा झाला. नवी मुळं सुटली आणि लिंबाच्या खरबरीत सालीला चिकटत गेली. मावशी येता-जाता लिंबाचा पाला न्याहाळायच्या. लिंब होता तसाच हिरवागार राहिला. पट्टी कुजून गळाली, तरी रोप हललं नाही.

चौऱ्याहत्तरच्या जूनमध्ये त्याला घोस आला. डोंगरात यायचा त्याच्या निम्माही नव्हता, आणि अर्ध्याच कळ्या उमलल्या. मावशींनी आळीतल्या बायकांना बोलावून आणलं आणि आमच्या लिंबाला आलंय म्हणून दाखवलं. मी कुठून आणलं, कसं जगवलं, हे कुणी विचारलं नाही, आणि मला सांगावंसंही वाटलं नाही.

पुढं माझी पारनेरकडं बदली झाली. रोप घेऊन जा, असं मावशी आपणहून म्हणाल्या, कोयताही घेऊन आल्या. मी मुळांवरून बोट फिरवून बघितलं. ओढली असती तर साल निघाली असती किंवा मुळं तरी तुटली असती. राहू दे म्हटलं. उन्हाळ्यात आठवड्यातून दोनदा ओली चिंधी फिरवायची, एवढं त्यांना सांगितलं. मला ते ठाऊक आहे, अशा थाटात त्यांनी मान हलवली आणि कोयता परत आत नेऊन ठेवला.