शिडीवरचा अंगठा

दुकानांचे बोर्ड रंगवणाऱ्या मावशींना सगळा बाजार पेंटरमावशी म्हणतो. निम्मा जन्म शिडीवर गेलेला. एका हातात शिडी, दुसऱ्यात ब्रश. फोन आला की ब्रश दातात आणि फोन हातात. म्हणून त्यांचा फोन मुठीत मावेल एवढाच. लेक त्याला काडेपेटी म्हणायची.

त्या काडेपेटीने एके दिवशी मान टाकली. फोन लागेना म्हणून दोन कामं दुसऱ्या पेंटरकडे गेली, तशा मावशी मोबाइलच्या दुकानात धावल्या. दुकानदार शाळेच्या पाटीएवढा एकेक फोन काढून समोर मांडू लागला. मावशींचा अंगठा पडद्याच्या निम्म्या वाटेतच दमला. एक छोटा फोन नव्याने निघालाय, असं त्यांच्या कानावर होतं. निघालाय खरा, दुकानदार म्हणाला, पण मागवून त्याचं काय लोणचं घालू? लोकांना मोठाच हवा. माणूस मात्र मनाने बरा. लगेच बोर्डाचं काम दिलं: 'सर्वांत मोठे फोन येथेच'. मावशींनी शिडी लावली.

अक्षरं पुरी होत आली तेव्हा ती जवळून बघायची दुकानदाराला हुक्की आली. मावशी उतरल्या, तो चढला. वर पोचतो न पोचतो तोच खिशातली पाटी वाजू लागली. एका हाताने शिडी घट्ट धरलेली. दुसऱ्या हाताचा अंगठा ताणताणून रबर झाला, तरी बटण गाठेना. शेवटी नाकाने दाबायला गेला तर फोन कटच झाला. पलीकडे बायको होती. पुन्हा फोन, पुन्हा नाक. खाली हा हा म्हणता गर्दी जमली.

"मावशी, शिडी धरा हो," तो काकुळतीने म्हणाला.

"शिडी धरलीय. तुमचा अंगठा कोण धरणार?"

खाली उतरून त्याने आधी बायकोची समजूत घातली, मग छोट्या फोनची ऑर्डर दिली. मावशींनी कुणाला न विचारता बोर्डावर ओळ वाढवली: 'छोटेही मिळतील'. ती वाचून बसचालक आला, कडेवर बाळ घेतलेली आई आली, नावापुरते खिसे असलेल्या कपड्यांतल्या कॉलेजच्या पोरी आल्या. इतके दिवस ही मंडळी होती कुठे, दुकानदार डोकं खाजवत राहिला. तुमच्याच दारावरून जायची, मावशी म्हणाल्या.

पहिला फोन अर्थातच मावशींचा. सध्या त्या शेजारच्या दवाखान्याच्या बोर्डावर आहेत. फोन वाजतो, ब्रश दातात जातो, अंगठा एका झटक्यात कोपरा गाठतो. त्या काय बोलतात ते पलीकडच्या लेकीला अर्धंच कळतं. खालून दुकानदार मात्र वर बोट करून गिऱ्हाइकांना सांगतो, "तो बघा, आमच्याकडचाच."