पंखा दाजींना की प्रोसेसरला?

कम्युनिटीतल्या दोस्तांनो, माझा स्वस्तातला प्रोसेसर मी ओव्हरक्लॉक करून, म्हणजे ठरल्या वेगापेक्षा जास्त पळवत ठेवलाय. महागडा परवडत नाही आणि लग्नांच्या व्हिडिओंचं मिक्सिंग तर थांबत नाही. तो लई तापतो, म्हणून कॅबिनेट उघडं ठेवून शेजारी टेबलफॅन लावतो.

आज आमच्या भाड्याच्या घरी ताईचे यजमान आले. आयटीवाले.

"एवढा पळवशील तर जळेल," दाजींनी बजावलं.

तेवढ्यात आईनं टेबलफॅन त्यांच्याकडे वळवला. "जावई लई घामाघूम झालेत."

पाचच मिनिटांत कॉम्प्युटर बंद.

"बघ, जळला!" दाजी खूश.

मी पंखा परत कॉम्प्युटरकडे वळवला. जरा गार झाल्यावर गडी झक्कास सुरू.

"आरं, जावई हायेत ते!" आई ओरडली.

मी तिच्या हातात पुठ्ठा दिला. "त्यांना ह्यानं वारा घाल."

दाजी फुगलेत. फुगू देत. ज्याच्या जिवावर आमची चूल पेटते, पंखा त्याचाच. माझं काय चुकलं?