उम्म सलीमची परीक्षा आणि मावशीची उपासमार

मावशीच्या घरात अन्नाचा दाणा नाही, ही बातमी ह्यूस्टनजवळच्या शुगर लँडमध्ये मी पसरवली. मावशीच्या गराजमध्ये तेव्हा दोन फ्रीज होते. (दोन्हींत मटण.)

साल २००५. मी ह्यूस्टनला शिकत होते, मावशीकडे राहत होते आणि पत्रकं काढायची खोड नागपूरहून सोबत आणली होती. शेजारी इराकच्या उम्म सलीम, म्हणजे सलीमची आई, एकट्याच राहायच्या. डॉक्टरांनी त्यांची स्मरणशक्ती तपासली ती इंग्रजीत, आणि नापास केलं! पुन्हा नापास झाल्या तर घर विकून सलीम त्यांना प्लेनोला स्वतःच्या घरी नेणार होता. "प्लेनोपेक्षा कबर बरी," असं त्यांचं मत.

मी पेटले. माझ्या प्रोफेसर नेमकी तीच चाचणी अरबी बोलणाऱ्यांसाठी नव्यानं बांधत होत्या. "चाचणीत ऐकवून मग आठवायला लावतात ना, ती गोष्ट मी लिहिते. कष्टकऱ्यांच्या जगण्यातली!" मी जाहीर केलं. लिहिली: एका बाईकडे परदेशातून भाची राहायला येते. अचानक तीन पाहुणे दारात. घरात फक्त कांदे आणि मूठभर तांदूळ. (वास्तव!)

प्रोफेसरांनी तिचं अरबी करून घेतलं. मी ती घेऊन थेट उम्म सलीमकडे. आईला भेटायला आलेल्या सलीमनं सांगितलं, "मॉम, ही गोष्ट हिनं लिहिली आहे," आणि वाचून दाखवली. त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. डोळ्यांत पाणी! मला वाटलं, लेखणीची ताकद!

नियमाप्रमाणे थोडं थांबून मी सलीममार्फत विचारलं, "गोष्टीतलं काय आठवतं?"

"काही नाही."

"पाहुणे किती होते?"

"कुठले पाहुणे?"

"घरात काय होतं?"

"अल्लाच्या कृपेनं सगळं होतं."

सलीमचा चेहरा उतरला. "बस, मॉम. घराच्या एजंटला फोन करतो." अन्यायाविरुद्ध लढायला गेलेल्या मी स्वतःच्या हातानं शून्य लिहिलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी बेल वाजली. दारात उम्म सलीम, हातात पातेलं. मागे सलीम, हातात आणखी मोठं पातेलं.

"अहो, हे काय?" मावशी.

"भात आणि मटण. तीन पाहुणे आणि तुम्ही दोघी, सगळ्यांना पुरेल. कांदे नाही आणले. ते आहेत ना तुमच्याकडे?"

सलीमच्या हातातलं पातेलं पडता पडता वाचलं. "मॉम! तुला सगळं आठवतंय?"

"न आठवायला काय झालं? पोरीला मागायची लाज वाटली, म्हणून गोष्ट लिहिली बिचारीनं. पण शेजारणीच्या घरातलं दारिद्र्य मी माझ्या तोंडानं सांगू? आणि ही बया ते लिहून घेणार!"

मावशी माझ्याकडे वळली. "मूठभर तांदूळ? माझ्या घरात? आणि हे तू अरबीत सांगितलंस?"

"मावशी, ते प्रातिनिधिक होतं..."

"चुलीत घाल तुझं प्रातिनिधिक! फ्रीज उघडून दाखव त्यांना!"

मी दोन्ही उघडले. उम्म सलीमनी वाकून पाहिलं आणि मावशीचा हात हातात घेतला. "मला दाखवायला एवढं सगळं उधार आणलंस? माझ्यापुढे कसला संकोच गं?"

सलीमनं एजंटला फोन केला नाही. उम्म सलीम आपल्या घरातच राहिल्या. मावशी मात्र भेटेल त्याला सांगत सुटली, "त्या परीक्षेत एकच जण नापास झाली. पेपर काढणारी!"

ह्याविरुद्ध मी निषेधाचं पत्रक लिहायला बसले होते. मुद्दाच सापडला नाही.