बाईंची लाकडी जमीन

कालिंदीबाई कुणाच्याही घरी पहिल्यांदा गेल्या की दाराशी चपला काढायच्या आणि कुणी "बसा" म्हणायच्या आत उजव्या टाचेने जमिनीवर दोन ठोके द्यायच्या. मग मान तिरकी करून ऐकायच्या. आमच्या वसईगावातल्या घरी त्या आल्या तेव्हा आई पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर येत होती. तिला वाटलं, पाहुणीच्या पायाला मुंग्या आल्या.

"बहिरी आहे हो तुमची जमीन," बाई आईला म्हणाल्या. "खोली मात्र छान. उजेड चांगला आहे."

आईने मला स्वयंपाकघरात बोलावून विचारलं, "कोण गं ही?"

बाई कथ्थक शिकवायच्या. एकोणीसशे नव्वदच्या आसपास नवऱ्यापासून वेगळ्या होऊन त्या दादरहून वसईला आल्या. मी ज्या शाळेत प्रयोगशाळा सांभाळत होते तिथे त्या स्नेहसंमेलनाचे नाच बसवायला यायच्या. मुलींना शिकवताना त्या एकही आकडा ओरडून म्हणत नसत. पुटपुटल्यासारखे बोल म्हणायच्या आणि मुली आपोआप गप्प होऊन कान द्यायच्या. मी परीक्षानळ्या पुसायच्या सोडून दारात उभी राहायचे. एकदा त्या माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, "दारात उभं राहून नाच येत नाही. आत ये."

अशी मी पस्तिशी उलटल्यावर, अविवाहित, जाडजूड, बाईंची शिष्या झाले. दोन महिन्यांत त्यांनी निकाल दिला. "नलू, तुझे पाय ओंडके आहेत. हात मात्र कामाचे आहेत." हे खरं होतं. घरातले फ्यूज, नळ, बिजागऱ्या सगळं मीच बघायची. बाबा गेल्यापासून दुसरं होतं कोण?

बाईंचं दुःख एकच होतं, जागा. आधी त्या एका देवळाच्या सभामंडपात शिकवायच्या, तिथे लग्नसराई आली की बाहेर. मग एका बंद पडलेल्या दवाखान्यात, तर मालकाच्या मुलाला तिथे व्हिडिओचं दुकान काढायचं होतं. प्रत्येक वेळी घुंगरांची पिशवी, तबलजींची गादी आणि सरस्वतीची तसबीर रिक्षात घालून त्या निघायच्या. आणि सगळीकडे खाली फरशी किंवा कोबा. पन्नाशीच्या आत त्यांचे गुडघे दुखायला लागले होते. "फरशी फटका परत करते," त्या म्हणायच्या. "लाकूड झेलतं. आमच्या गुरुजींकडे लाकडी जमीन होती. त्यांनी सत्तरीपर्यंत पाय मारला."

त्याच वर्षी माझ्या थोरल्या भावाने घराची वाटणी मागितली. त्याच्या वाट्याची मागची बाजू त्याने पाडली आणि जागा विकून तो पुण्याला गेला. त्या बाजूच्या सागवानी तुळया आणि वासे मी मागून घेतले. "जळण म्हणून वापरणार का?" भाऊ हसला होता. माझ्या आजोबांनी लावून घेतलेलं लाकूड होतं ते. काय करायचं हे मलाही ठाऊक नव्हतं. परसात ताडपत्रीखाली ते पडून होतं आणि बाईंनी ताडपत्री उचलून पाहिली.

"नलू, तुझी पुढची खोली आणि हे लाकूड," त्या म्हणाल्या आणि पुढे काही बोलल्याच नाहीत. मीच म्हणाले, "करूया."

सुताराला विचारलं तर तो हसला. इथल्या खाऱ्या हवेत, दमट घरात लाकडी जमीन? त्यापेक्षा लिनोलियमची चटई टाका. मग आम्हीच केली. वखारीतून तुळया चिरून चार बोटं रुंदीच्या फळ्या काढून आणल्या. मधे मधे काठ्या घालून त्या पडवीत रचल्या आणि एक अख्खा हिवाळा आणि उन्हाळा नुसत्या वाळू दिल्या. बाईंनी चोरबाजारात हिंडून दोन जुने रंधे मिळवले. एक फळीच्या कडेला लांबलचक खाच पाडायचा, दुसरा समोरच्या कडेला तितक्याच जाडीची जीभ काढायचा. एका फळीची जीभ दुसरीच्या खाचेत बसली की वरून सांधा म्हणून नुसती रेघ दिसते.

रविवारी सकाळी बाई साडीचा पदर खोचून यायच्या. मी फळी शिकंज्यात आवळायची, त्या रंधा ढकलायच्या, आणि त्या दमल्या की मी. रंधा मारतानाही त्यांच्या तोंडात बोल असायचे. सागाची कुरळी सालपटं पायांत साचायची, आई ती बंबासाठी गोळा करायची आणि म्हणायची, "नाचाच्या क्लासचं पाणी आज लवकर तापलं." फळी बसवताना मी एकदा थेट जिभेवर हातोडा मारला आणि ती फुटली. बाईंनी हातोडा काढून घेतला, मधे लाकडाचा एक तुकडा धरला आणि त्यावर ठोका दिला. "जिभेला जपावं लागतं, नलू. लाकडाच्या आणि माणसाच्या." इतकं खळखळून हसताना मी त्यांना आधी कधी पाहिलं नव्हतं.

डांबर लावलेल्या आडव्या पट्ट्यांवर जमीन बसली. त्यावर जवसाचं तेल चोळलं. पहिल्याच पावसाळ्यात ती फुगून मधोमध उंटासारखी वर आली, कारण आम्ही भिंतीला अगदी टेकून फळ्या बसवल्या होत्या. मी रडले. बाई शांतपणे म्हणाल्या, "पाहुण्याला हलायला जागा ठेवली नाही आपण." सगळी जमीन उचलली, मोडलेल्या जिभांच्या फळ्या नव्याने केल्या, भिंतीशी बोटभर फट सोडली. या वेळी खिळ्यांऐवजी स्क्रू लावायचे बाईंनी ठरवलं, म्हणजे पुन्हा फुगली तर उकलता येईल. मला ते पटलं.

मग चार-पाच वर्षं आमच्या पुढच्या खोलीत क्लास चालला. मी शाळेत असताना मुली यायच्या, म्हणून बाईंकडे किल्ली दिली होती. आईचे डोळे अधू होत चालले होते, तरी ती आतल्या खोलीतून ऐकून कुठल्या मुलीचा पाय चुकला ते सांगायची. बाई संध्याकाळी तिच्यापाशी बसून चहा प्यायच्या, तिचे पाय चेपून द्यायच्या. मला बहीण नव्हती. ती जागा बाईंनी कधी भरली ते कळलं नाही.

आईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन पुण्याला भावाकडे राहून करायचं ठरलं. बाई आम्हाला एसटीपर्यंत सोडायला आल्या. आईच्या हातात लिमलेटच्या गोळ्या दिल्या, मला म्हणाल्या, "घराची काळजी करू नकोस."

परत आलो तेव्हा आईच्या डोळ्यांवर काळा चष्मा होता. मी कुलूप उघडलं. खोलीत पाय टाकला तो जुन्या कोबावर. फळ्या नव्हत्या. जिथे पट्ट्या होत्या तिथे कोबावर डांबराचे काळे पट्टे राहिले होते, बाकी सगळं झाडून स्वच्छ. कोपऱ्यात स्क्रूंचा डबासुद्धा नव्हता. पहिल्यांदा वाटलं, चोरी झाली. मी धावत शेजारच्या फिलोमिनाबाईंकडे गेले.

"चोरी कसली?" त्या गोंधळून म्हणाल्या. "बाईंनीच टेंपो आणला होता. पोरींचे बाप होते उचलायला. आमच्या घरच्यांनी पन हात लावला. बाई बोलल्या, नलूताईंनी दान दिलंय नवीन हॉलला. तुमीच बोललात ना त्यांना?" आणि किल्ली माझ्या हातात ठेवली. "ही तुमाला द्यायला सांगितली."

मी "हो" म्हणाले. का म्हणाले, अजून सांगता येत नाही. त्यांच्या चेहऱ्यावर माझ्याबद्दल इतका आदर होता की त्याला धक्का लावणं जमलं नाही.

घरी आले तर आई खोलीच्या मधोमध वाकून हाताने कोबा चाचपत होती. "आजोबांचं लाकूड," ती म्हणाली. "तिने एकदा विचारायचं होतं गं."

पुढचे दिवस वाईट गेले. बाजारात, शाळेत, चर्चच्या रस्त्यावर माणसं थांबवून अभिनंदन करायची. विरारला फुलपाड्यात बाईंचा नवा हॉल सुरू झाला होता. उद्घाटनाला बाईंनी भाषणात माझं नाव घेतलं होतं म्हणे. आमच्या मुख्याध्यापकांनी तर शिक्षकांच्या बैठकीत उल्लेख केला. "आजकाल कोण देतं हो असं?" मी मान खाली घालायची आणि लोकांना तो विनय वाटायचा. माझं काय नेलं हे मी कुणाला सांगू शकत नव्हते, कारण ते मीच दिलं असं सगळ्यांना माहीत होतं. लाकूड गेल्यापेक्षा हे जास्त लागलं. मी काय म्हणेन, कशी वागेन, किती गप्प बसेन, सगळं बाईंना पुरतं ठाऊक होतं आणि त्या माहितीवर त्यांनी टेंपो बोलावला होता. ते स्क्रूसुद्धा मनात येऊन गेले. तेव्हाच ठरलं होतं का? असं एकदा वाटतं आणि एकदा वाटतं, नाही, तेव्हा त्या माझ्या होत्या.

शेवटी एका दुपारी मी फुलपाड्याला गेले. दुकानांच्या वर दुसऱ्या मजल्यावर हॉल होता. क्लास सुटला होता. बाई एकट्याच आमच्या जमिनीवर बसून घुंगरांची दोरी ओवत होत्या. मला पाहून त्या दचकल्या नाहीत.

"ये. बस. आईचा डोळा कसा आहे?"

"बाई, तुम्ही मला विचारलं का नाहीत?"

त्यांनी दोरी खाली ठेवली. "विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस?"

"हो म्हणाले असते. तुम्हाला माहीत आहे मी हो म्हणाले असते."

"माहीत आहे. म्हणूनच नाही विचारलं." त्या खिडकीकडे बघत बोलत होत्या. "तू दिली असतीस तर ती तुझी राहिली असती नलू. तुझ्या घरी पाच वर्षं मी रोज तुझ्या जमिनीवर उभी राहिले. आयुष्यभर कुणाच्या ना कुणाच्या जमिनीवर नाचले. तू सर्वांत चांगली. पण तू गावाला निघालीस की मला वाटायचं, परत आल्यावर ही म्हणेल, बाई, आता पुरे. भावाने मागितली तेव्हा वाटणी द्यावीच लागली ना तुला?"

"मी असं कधी म्हटलं असतं का?"

"नसतं म्हटलं. तरी मी वाटच बघत बसले असते."

"आणि दान दिलं म्हणून सांगितलंत ते?"

"तुझं नाव मोठं झालं की नाही?" असं म्हणताना मात्र त्यांचा आवाज बारीक झाला.

मला खूप बोलायचं होतं. तोंडून आलं ते इतकंच, "आईचे पाय चेपत होतात तुम्ही." बाईंनी मान खाली घातली. त्यांनी क्षमा मागितली असती तर मी तिथेच विरघळले असते. त्यांनी मागितली नाही. मी जिना उतरले आणि त्यांच्याशी पुन्हा बोलले नाही. त्यांनी दिवाळीला फराळाचा डबा पाठवला, आईने तो तसाच परत केला. गुरुपौर्णिमेला मुलींबरोबर निरोप यायचा, मी जायची नाही. शिकवण्यात त्यांनी कधी कसूर केली नाही, हेही कानावर यायचं. त्यांच्या मुली मोठ्या मंचांवर नाचू लागल्या होत्या. ते ऐकून बरं वाटायचं आणि बरं वाटलं म्हणून स्वतःचा राग यायचा.

आई गेली तेव्हा बाई आल्या नाहीत. दारासमोर रिक्षा थांबवून बराच वेळ आत बसून होत्या, असं फिलोमिनाबाईंनी नंतर सांगितलं.

त्यानंतर काही वर्षांनी बाई गेल्या. साधा ताप आला आणि तो उतरलाच नाही. त्यांची मोठी शिष्या अपर्णा माझ्याकडे आली. हॉलमध्ये शोकसभा होती. "ताई, तुम्ही दोन शब्द बोलायलाच हवेत. बाई नेहमी सांगायच्या, माझी एकच मैत्रीण."

मी गेले. हॉल भरला होता. मुलींनी जमीन तेलाने पुसली होती, साग काळपट आणि गुळगुळीत झाला होता. बाईंच्या तसबिरीपाशी घुंगरं ठेवली होती. माझं नाव पुकारलं आणि अपर्णा म्हणाली, "ज्यांच्या दानावर आपण सगळ्या उभ्या राहिलो, त्या नलूताई."

मी माइकसमोर उभी राहिले. रंध्याच्या गोष्टी सांगाव्यात असं घरून ठरवून आले होते. त्या दान शब्दाने सगळं विसरले आणि म्हणाले, "ही जमीन मी दिलेली नाही. आम्ही दोघींनी ती केली आणि मी गावाला गेले असताना बाईंनी ती मला न विचारता नेली. मला फार दुखलं होतं. अजून दुखतं."

मग पुढच्या रांगेतले एक गृहस्थ मायेने हसले आणि टाळ्या वाजवायला लागले. पाठोपाठ सगळा हॉल. खाली बसले तेव्हा शेजारच्या बाई माझा हात धरून म्हणाल्या, "देणाऱ्याने असंच असावं हो. दिलेलंसुद्धा दिलं म्हणत नाही."

मी तोंडाला पदर लावला आणि रडले. लोकांना वाटलं, मी बाईंसाठी रडते आहे. ते काही खोटं नव्हतं.