पानावरून उठायचं नाही

रविवारची सकाळ होती. वाशीचं कांदा-बटाटा मार्केट बंद होतं. गाळ्यांपुढे कांद्याच्या सालींचा लालसर पाचोळा वाऱ्यावर इकडून तिकडे लोळत होता, आणि एरवी जिथे गोण्या चढतात त्या काट्याच्या फळीवर चारुलता उभी होती. हातातल्या पर्सचं काय करावं, हे तिला कळत नव्हतं.

“वहिनी, पर्स साहेबांकडे द्या. आणि चपला खाली राहू देत,” काट्यावरचे वामनराव म्हणाले. जन्मभर गोण्या तोललेला माणूस, पण बाईमाणसाचं वजन करायचं म्हटल्यावर ते संकोचले होते.

“डॉक्टरांचा काटा स्प्रिंगचा असतो,” पर्स काखेत मारून श्यामसुंदर म्हणाला. तो चारुलताचा नवरा, याच मार्केटमधल्या एका गाळ्यावर हिशेब सांभाळायचा. “मार्केटचा काटा खोटं बोलत नाही.”

वामनरावांनी दांडीवरचं लोखंडी वजन पुढे सरकवलं, जरा मागे घेतलं, पुन्हा पुढे नेलं. दांडी तरंगली. गोणीचा आकडा ते खणखणीत आवाजात पुकारायचे. हा त्यांनी पुकारला नाही. नुसतं बोट दाखवलं आणि दुसरीकडे पाहिलं. त्यांचा तो सभ्यपणाच चारुलताला जास्त लागला.

महिन्यापूर्वी होतं तेवढंच होतं.

 घरी आल्यावर दारात चपला काढताना श्यामसुंदर म्हणाला, “भावाच्या जिवाचा प्रश्न आहे, चारू. त्याच्यासाठी तरी तोंड आवर.”

आवाज अजिबात चढलेला नव्हता. पण कसलेल्या नटाचं हळू बोललेलं वाक्य जसं शेवटच्या रांगेपर्यंत जातं, तसं ते हॉलमधून स्वयंपाकघरात आणि तिथून आतल्या खोलीत, सासूबाई मालतीबाईंच्या खाटेपर्यंत पोचलं.  चारुलताने साडी खोचली आणि कणीक मळायला घेतली.

आशुतोष तिचा धाकटा भाऊ. दहा वर्षांनी धाकटा, म्हणजे तिनेच कडेवर वाढवलेला. देवरुखला असताना त्याला भरवायचं काम तिचं होतं. एक घास काऊचा म्हणता म्हणता अर्धी वाटी तीच संपवायची, असं घरात चिडवत. आता तो ऐरोलीला राहत होता आणि त्याच्या दोन्ही किडन्या गेल्या होत्या. आठवड्यातून दोनदा डायलिसिस. बायकोचा रक्तगट जुळेना. आईवडील राहिले नव्हते. ताईचं सगळं जुळलं. मुंबईच्या हॉस्पिटलात डॉक्टरांनी रिपोर्ट चाळले आणि चष्मा काढून म्हणाले, “किडनी उत्तम आहे. पण या वजनावर आणि या ब्लडप्रेशरवर मी यांना सुरी लावणार नाही. आठ किलो उतरवा, मग तारीख देतो. फार वेळ मात्र लावू नका.”

त्या दिवशी बाहेर येऊन सगळे हसले होते. चारुलतासुद्धा. किडनी जुळणं हा मोठा डोंगर होता, तो चढून झाला. राहिले होते फक्त आठ किलो! आठ किलो म्हणजे काय, तोंड बंद ठेवलं की झालं.

मग सगळ्या सोसायटीने तिचं तोंड बंद करायचं मनावर घेतलं. वरच्या मजल्यावरच्या अरुणाने मध-लिंबू सांगितलं, कुणी दुधीचा रस, कुणी भिजवलेल्या मेथ्या. खाडीकडेने पहाटे चालायला जा म्हणाले, ती गेली. भात सोडला, साखर सोडली. दुपारी दोन फुलके, वाटीभर वरण आणि काकडी. हे तिने अगदी इमानाने केलं. चोरून लाडू खाणारी बाई नव्हती ती. आणि तरीही संध्याकाळी पाच वाजले की तिच्या अंगातून काहीतरी निथळून जायचं, पाय जमिनीत रुतायचे, आणि हात आपोआप मांडणीवरच्या ताटाकडे जायचा. मूठभर चुरमुरे, सकाळची उरलेली पोळी, तिच्यावर तेल-तिखट, मग शेंगदाणे. ती खाली बसायची आणि सावकाश, अगदी सावकाश खायची. खाऊन झालं की स्वतःची इतकी लाज वाटायची की ताट घासून पुसून जागेवर ठेवायची, कुणी पाहिलं नाही असं समजून.

भूक लागते आपल्याला, असंच तिला वाटायचं. आपणच हावरट. भाऊ मरायला टेकलाय आणि आपल्याला चुरमुरे सुटत नाहीत.

तिचा दिवस पाहिला असता तर कुणालाही नवल वाटलं नसतं. पण रोजचा दिवस कोण पाहतो? पाणी पहाटे यायचं, ते भरायचं. मुलाचा, पार्थचा, कॉलेजचा डबा, नवऱ्याचा डबा, आणि शिवाय आजूबाजूच्या नोकरदार पोरांचे पोळीभाजीचे डबे, जे ती ओट्याशी उभी राहून करायची. मालतीबाईंचं गरम पाणी, त्यांच्या गुडघ्यांना तेल. बेल वाजली की दार. फोन वाजला की फोन. संगीत नाटकात एखादी पेटीवाली मास्तरीण असते ना, नट बदलतात, प्रवेश बदलतात, पण तिचे हात पहिल्या घंटेपासून थांबत नाहीत, तसं. फरक एवढाच, की मास्तरीण निदान बसलेली असते.

चारुलता बसायची ती एकदाच. जेवताना.

त्या घरात एक शिस्त होती. मालतीबाईंच्या यजमानांनी घालून दिलेली, ते गेले तरी टिकलेली. जेवणाऱ्याला पानावरून उठवायचं नाही. बेल वाजो, दूध उतू जावो, पाहुणा दारात उभा राहो, जो पानावर बसला त्याला हाक मारायची नाही. “ती जेवतेय,” एवढं म्हटलं की जगातली सगळी कामं उंबऱ्याबाहेर थांबायची. लग्न होऊन आली तेव्हा चारुलताचं जेवण पटकन उरकायचं. मग वर्षावर्षाने ते लांबत गेलं. पोळीनंतर थोडा भात. भातावर ताक. ताकानंतर भांड्याच्या कडेची खरपुडी. मग उगीच गुळाचा खडा. तिला स्वतःलाही हे उमगलं नव्हतं, की ताटात काहीतरी आहे तोवरच आपण बसू शकतो.

आता दोन फुलके संपायला कितीसा वेळ लागणार? हात धुतला, की लगेच हाक.

मार्केटच्या काट्यानंतरच्या मंगळवारी आशुतोष आला. डायलिसिसवरून परस्पर. चेहरा राखेसारखा, पण पाय सुजलेले. तिने त्याच्यापुढे बिनमिठाची भाजी ठेवली.

“वा!” एक घास घेऊन तो म्हणाला. “ताई, चव अगदी वर्तमानपत्रासारखी आलीय.”

“गप जेव.”

“आणि पाणी?”

“अर्धी वाटी. मोजून.”

“तुला भात बंद, मला पाणी बंद. देवरुखची दोन्ही माणसं वाळत घातलीत डॉक्टरांनी.” मग जरा थांबून, भाजी चिवडत म्हणाला, “मला घाई नाहीय गं. तू त्रास करून घेऊ नको.”

त्याचं मनगट तिने पाहिलं. घड्याळाचा पट्टा शेवटच्या भोकात होता, आणि तरी घड्याळ कोपराकडे घसरत होतं. घाई नव्हती म्हणे.

“ताई, मी आल्यापासून तू उभीच आहेस. बस की जरा.”

“बसेन रे,” पोळी भाजता भाजता ती म्हणाली, “जेवताना बसेन.”

आतल्या खोलीत मालतीबाई खाटेवर उठून बसल्या. त्या अंगाने चांगल्या भरलेल्या बाई होत्या, उठताना खाट कुरकुरायची.  बराच वेळ दाराच्या चौकटीतून सुनेच्या पाठीकडे बघत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी चारुलताचा हात मांडणीकडे गेला, तर तिचं ताट तिथे नव्हतं. वळून पाहिलं, तर मालतीबाई भिंतीला धरून उभ्या होत्या. पाट मांडलेला, पाटापुढे ताट, ताटाशेजारी पाण्याचा तांब्या.

“बस,” त्या म्हणाल्या.

“आई, तुम्ही कशाला उठलात? अहो, या ताटात काहीच नाहीय.”

“मला दिसतंय. मोतीबिंदू डोळ्यात झालाय, डोक्यात नाही. बस म्हणते ना.”

चारुलता बसली. सवयीने हात ताटाकडे गेला आणि तिथेच थांबला.

“परळच्या खोलीत आम्ही तेरा माणसं,” सासूबाई खुर्ची ओढून दारापाशी बसत म्हणाल्या. “बायका शेवटी जेवायच्या. मी इतकी सावकाश जेवायचे की तुझे सासरे म्हणत, मालती रवंथ करते. करणार नाही तर काय! उठले की तेरा जणांची भांडी. मग घे आणखी भात, घे आणखी आमटी. हे सगळं,” त्यांनी स्वतःच्या दंडावर चापटी मारली, “हे जेवण नाहीय, चारू. ही विश्रांती आहे. मला काल कळलं. सत्तरी उलटल्यावर.”

चारुलताला हसू आलं, आणि मग हसू नेमकं कुठे संपलं ते कळलं नाही. तिने पदर डोळ्यांना लावला.

“रडू नको. जेव.”

“काय जेवू?”

“मला काय विचारतेस? तुझं ताट आहे.”

नाटकात जेवणाचा प्रवेश असला की ताट रिकामंच असतं. अन्न परवडत नाही म्हणून नव्हे, तोंडात घास असला की वाक्य फुटत नाही म्हणून. पण चांगली नटी बोटांनी भात असा कालवते, आमटीसाठी आळं असं करते, की पहिल्या रांगेतल्या माणसाच्या तोंडाला पाणी सुटावं. चारुलताला यातलं काही येत नव्हतं. तिने बोटाने ताटात एक रेघ ओढली, दुसरी ओढली. मग हात मांडीवर ठेवला आणि पाठ भिंतीला टेकली.

बेल वाजली. डबा न्यायला कोणी पोरगा आला होता.

“थांब पाच-दहा मिनिटं. ती जेवतेय,” मालतीबाई दारातून म्हणाल्या.

“आई, माझा निळा शर्ट…” पार्थ डोकावला.

“तुझी आई पानावर आहे.”

“पण आजी, ताटात तर…”

“पानावर आहे म्हटलं ना?”

पार्थ गेला. फोन वाजला आणि वाजून थांबला. चारुलताचे डोळे मिटले. तिला वास आला तो भाताचा नव्हे, मेथीचा नव्हे, नुसता ओल्या ओट्याचा, आणि तोही फार लांबून आल्यासारखा. उठली तेव्हा चुरमुऱ्यांची आठवणही झाली नाही. रात्री झाली. एका रिकाम्या ताटाने सगळं सुटलं असं नव्हे. कधी ती बसायची आणि तरी उठून शेंगदाण्यांचा डबा उघडायची. इतक्या वर्षांचं शरीर एका संध्याकाळीत ऐकत नाही.

पुढच्या वेळी मार्केटच्या काट्यावर वामनरावांनी वजन मागे सरकवलं, आणखी जरा मागे, आणि या वेळी आकडा मोठ्याने म्हटला. थोडंसंच कमी झालं होतं. डॉक्टर फोनवर म्हणाले, “दिशा बरोबर आहे. पण अजून बरंच आहे. आणि पेशंटची तब्येत मी तुम्हाला सांगायला नको.” चारुलताने फोन ठेवला आणि त्यावरची धूळ पुसत उभी राहिली. बरोबर दिशेला चालणाऱ्या माणसालाही उशीर होऊ शकतो, हे तिला कळत होतं.

त्या शुक्रवारी आशुतोष आला तो भिंतीचा आधार घेत. जिना चढून त्याला बोलवत नव्हतं. मालतीबाईंनी ओठांवर बोट ठेवून स्वयंपाकघराकडे दाखवलं. त्याने पाहिलं. ताई पाटावर, डोळे मिटून, पुढ्यात कोरं ताट.

काही न विचारता त्याने मांडणीवरून दुसरं ताट घेतलं आणि धापा टाकत तिच्या शेजारी भिंतीला टेकून बसला. तिने डोळे उघडले.

“वाढ,” तो म्हणाला. “भूक लागलीय.”

“काय वाढू?”

“आज उकडीचा भात. त्यावर फणसाची भाजी. मीठ घालून हं, ताई. बचकभर मीठ.”

तिने त्याच्या ताटात भात वाढला. फणसाची भाजी वाढली. मग सोलकढीची वाटी ठेवली, काठोकाठ.

“एवढं पाणी चालेल मला?”

“आज चालेल.”

“मग तूही घे. भात घे, एक मूद. वर तूप.” त्याने तिच्या ताटात तूप सोडलं, धार तुटू न देता.

लॅच उघडल्याचा आवाज आला. श्यामसुंदर दोन पिशव्या घेऊन दारात उभा होता. “चारू, चहा टाक गं, आज मार्केटला…”

“दोघं जेवतायत,” मालतीबाई म्हणाल्या.

त्याने दोन्ही ताटांकडे पाहिलं. मग आईकडे. मग मेहुण्याच्या सुजलेल्या पावलांकडे. पिशव्या त्याने अलगद खाली ठेवल्या, चप्पल काढली आणि ओट्याशी गेला. गॅस पेटवण्यात काडी वाया गेली. डबे उघडायचे, बंद व्हायचे.

“साखर कुठे असते?”

चारुलता अर्धी उठलीच. सवयीचा पाय तो, ऐकणार थोडाच. आशुतोषने तिचं मनगट धरलं. पकड इतकी हलकी होती की तिने मनात आणलं असतं तर सहज सुटली असती.

“पानावरून उठायचं नाही, ताई.”

ती परत खाली बसली. मागे डब्यांचा खडखडाट चालू होता.

“तू काऊचा घास टाकून उठलीस की मी जेवायचो नाही,” तो म्हणाला. “आठवतं?”

“आठवतं.”

“मग बस. माझं अजून व्हायचंय.”