गोल केला की पलीकडे

लेक उपाशी राहील, आजारी पडेल, ही भीती आईनं केव्हाच गिळली होती. आता वेगळीच काळजी डोकं पोखरत होती. ज्या पोरांसाठी ही एवढी राबते, ती हिच्याच हट्टापायी मैदानाकडे पाठ फिरवतील.

लेक खेळाची शिक्षिका. शहरातल्या शाळेतली बरी नोकरी सोडून आडगावच्या दगडखाणीच्या वस्तीत जाऊन राहिली. शाळेमागची पडीक जागा साफ केली, बांबू रोवून गोल उभे केले आणि संध्याकाळचा फुटबॉल सुरू झाला. पोरांच्या पायात बूट नाहीत, म्हणून हीही अनवाणी.

"टाचा बघ जरा," आई म्हणायची.

"कुणाला दाखवायच्यात?"



दांडगी मुलं गोलावर गोल करायची आणि लहानगी कंटाळून घरी जायची. म्हणून तिनं नियम केला, ज्यानं गोल केला, त्यानं समोरच्या संघात जायचं. मग दोन्ही बाजू आपोआप सारख्या व्हायच्या. कुणाशी न बोलणारी एक मुलगीही हळूहळू धावायला लागली. तिला सगळे भिंगरी म्हणू लागले. इथवर आईलाही कौतुकच होतं.

पण बाहेरगावच्या स्पर्धेला नेताना, हा नियम फक्त आपल्या मैदानावरचा आहे, एवढं तरी पोरांना सांगायचं की नाही? बाईसाहेब विसरल्या. भिंगरीनं गोल केला आणि हसत हसत समोरच्या संघात जाऊन उभी राहिली. पंच शिट्ट्या फुंकून दमला, ही हलेना. अख्खं मैदान खो खो हसलं. त्या दिवसापासून पोरगी घराबाहेर पडेना.

रविवारी लेक घरी आली, तेव्हा जेवता जेवता आईनं विषय काढलाच.

"तिच्या घरी जाऊन ये."

"येईल ती आपणहून. नियम चुकीचा नव्हता."

"नियमाला कोण नावं ठेवतंय? सांगायचं राहिलं, ते कुणाकडून?"

"हट्टीपणा कुणाकडून आलाय, ते मी बोलत नाही," बाबा पेपरातून म्हणाले.

"बोललातच की. आता पेपर वाचा."

लेक ताटात बोट फिरवत राहिली. मग खालच्या आवाजात म्हणाली, "गेले होते गं. दोनदा. दारापासून परत आले. ती बाहेर आली असती, तर तोंड कसं दाखवलं असतं? हसली सगळी, ते माझ्यामुळे."

आईला इतका वेळ हट्ट वाटत होता, ती लाज होती. तिची चिडचिड मात्र तसूभरही कमी झाली नाही. एवढं साधं बोलायला हिला इतके दिवस लागावेत?

लेकीचा फोन कायम बंद असायचा, म्हणून भिंगरीच्या आईचा नंबर आईकडे होता. दोघी अधूनमधून बोलायच्या. ‘तुमची काल नीट जेवली नाही,’ हेही त्या बाईंनीच कळवलं होतं.

आईनं हात पुसले, फोन उचलला.

"काय करतेस?" लेक दचकली.

"तू जेव."

तुमच्या मुलीला पाठवा, असं ती म्हणणारच नव्हती. माझी उद्या तुमच्या दारात येईल, चूक कबूल करायला. तिला परत फिरू देऊ नका, आत घ्या. एवढंच सांगायचं होतं. तिनं नंबर लावला.