बशीरचाचांच्या टेंपोत झोपणाऱ्या कोंबड्या

परसात कोंबड्या पाळल्या की अंडी मिळतील न मिळतील, किस्से मात्र रोज मिळतात. अंडी खाऊन संपतात, किस्से साठत जातात. आमच्याकडचे थोडे सांगते. हसायचं ते सुरुवातीलाच हसून घ्या, पुढे पुढे हसू कमी होत जातं.

कर्जतमध्ये आमचं आणि बशीरचाचांचं घर पाठीला पाठ करून आहे. मधला मातीचा तुकडा दोघांचा. त्यात एक शेवगा, कपडे वाळत घालायची तार आणि चाचांचा टेंपो.

*

कॉलेज संपवून परत आले तेव्हा जो तो अंगणात पेव्हर ब्लॉक बसवत होता. मला त्याचा भयंकर राग. निदान आपल्या मातीत काहीतरी जिवंत फिरू दे म्हणून कळंबहून गावठी कोंबड्या आणल्या, सोबत एक कोंबडा.

चाचा तारेपलीकडून म्हणाले, "आदी त्यांना घर दाखव गं, सायली. नायतर पळतील."

घर दाखवायचं म्हणजे नवी कोंबडी हातात धरून चुलीभोवती फिरवायची, मग ती घर विसरत नाही. आमच्याकडे चूल कुठली? आईने ओट्याखालची गॅसची टाकी ओढून मधोमध आणली आणि मी, पर्यावरणशास्त्राची पदवीधर, एकेक कोंबडी घेऊन टाकीभोवती फिरले.

आईला शंका आली. "बशीरभाई, पण पुढल्या महिन्यात टाकी बदलेल त्याचं काय?"

"मग नवीन टाकी कोंबड्यांभोवती फिरवा."

*

व्हिडिओ बघून मी प्लायवूडचं झकास खुराडं बनवलं. हवा खेळती राहावी म्हणून जाळी, बसायला बांबू. एकही कोंबडी आत गेली नाही.

दिवस मावळला की सगळ्या टेंपोत. बाकीच्या हौद्याच्या कठड्यावर ओळीने बसायच्या. काळी मात्र खिडकीतून केबिनमध्ये शिरायची आणि ड्रायव्हरच्या सीटवर झोपायची. चाचा तिच्यासाठी काच खाली ठेवायचे आणि सकाळी बादली घेऊन सीट धुवायचे.

चाचांचा धंदा काय, तर खालापूरकडच्या पोल्ट्रीतले ब्रॉयलर रिसॉर्टवर पोचवायचे. जाळीच्या क्रेटमध्ये कोंबलेल्या, कापायला निघालेल्या कोंबड्या. मी एकदा वैतागून विचारलं, "चाचा, या गाडीतून दिवसभर काय जातं हे आपल्या कोंबड्यांना कळलं तर?"

"दिवसा ही गाडी त्यांची नाय," चाचा म्हणाले. "रात्री माझी नाय."

*

शेजारच्या नव्या बिल्डिंगमध्ये एका मुंबईच्या साहेबांनी वीकेंडसाठी फ्लॅट घेतला. एका रविवारी ते खाली आले. तुमचा कोंबडा पहाटे ओरडतो, झोपमोड होते, म्हणाले. माझं डोकंच फिरलं. निसर्गाच्या सान्निध्यात म्हणून तुम्ही इथे फ्लॅट घेता, मग निसर्ग काय म्यूट करून देऊ का, असं मी सुरू करणार, तेवढ्यात चाचा हात जोडून पुढे आले.

"साहेब, बरोबर हाय तुमचं. रविवारी त्याला सुट्टी देतो."

साहेब थँक्यू म्हणून गेले.

*

एका रिसॉर्टवाल्याने आमच्या कोंबड्या बघितल्या. शुद्ध गावठी, पाहुणे तुटून पडतील, म्हणाला. चाचांनी मान हलवली.

"ह्या देणार नाय."

"का? शेवटी कोंबड्याच ना?"

"इतकी वर्सं कोंबड्यांची गाडी चालवली," चाचा म्हणाले. "म्हातारी झालेली कोंबडी बघितली नाय अजून. एकदा बघायचीय."

*

एके दुपारी छातीत दुखतंय म्हणून चाचा लवकर परतले. टेंपो परसात लावला, काळीसाठी काच खाली केली, घरात जाऊन आडवे झाले. उठलेच नाहीत.

संध्याकाळी दोन्ही घरं माणसांनी भरली. परसात पाय ठेवायला जागा नव्हती. त्या गर्दीतून कोंबड्या नेहमीच्या वेळी एकेक करून टेंपोत चढल्या. काळी सीटवर जाऊन बसली. पाहुण्यांपैकी कुणीतरी चिडून म्हणालं, "अरे, आज तरी हाकला यांना."

आतून रुकैयाचाचींचा आवाज आला.

"असू दे. त्यांना कुणी सांगितलं नाय अजून."

*

इद्दतीचे, म्हणजे नवऱ्यामागे पाळायचे चार महिने दहा दिवस चाची घराबाहेर पडणार नव्हत्या. परसापर्यंत येत आणि टेंपोपाशी थांबत. इद्दत संपली, तरी फाटकाबाहेर पाऊल नाही. पनवेलची मुलगी फोनवर रडायची. टेंपो गंजतोय, विकून टाक आणि माझ्याकडे ये.

गिऱ्हाइकं येऊ लागली. संध्याकाळी कुणी आलं की चाची सांगायच्या, "कोंबड्या झोपल्यात, सकाळी या." सकाळी आलं तर, "काळी अंडं घालतेय, संध्याकाळी या."

मला राहवलं नाही. "चाची, तुम्हाला टेंपो विकायचाच नाहीये."

"मी कुठं नाय बोलतेय? कोंबड्यांना विचार."

*

मग मी कोंबड्यांनाच वळण लावायचं ठरवलं. रोज तिन्हीसांजेला एकेक उचलून खुराड्यात ठेवायची, की दुसऱ्या दिवशी सगळ्या पुन्हा टेंपोत. मी चिडून त्यांना शिव्या घालत होते. चाची पायरीवर बसून बघत होत्या.

"अंधारात कोंबडीला दिसत नाय," त्या म्हणाल्या. "जो उचलंल त्याच्याबरोबर गप जाते. मी पन अशीच आले ह्या घरात. मंग सकाळ झाली. मानूस बरा निघाला."

त्या दिवसानंतर मी कोंबड्या उचलल्या नाहीत.

*

शेवटी मुलीनेच सौदा ठरवला. पळसदरीचा संतोष, तोही भाड्याची गाडी चालवणारा. काम आटोपून दिवस मावळताना आला आणि सोबत आणलेली बॅटरी टेंपोला बसवली. कोंबड्या तोवर कठड्यावर बसल्या होत्या. मी खुराड्याचं दार उघडायला धावले.

चाची बाहेर आल्या. अंगावर बुरखा, पायात बाहेरच्या चपला. त्यांनी केबिनचं दार उघडून काळीला अलगद उचललं आणि संतोषला म्हणाल्या, "बस आत."

मग वळसा घालून पलीकडून चढल्या आणि तिला मांडीवर घेऊन शेजारच्या सीटवर बसल्या.

संतोष गोंधळला. "चाची, कुठं सोडू?"

"कुठं नाय. ते रोज बोलायचे, चल, एक चक्कर मारून आनतो. ब्रॉयलरचा वास येतो म्हनून मी कधी बसलेच नाय."

संतोषने माझ्याकडे पाहिलं. मी फाटक उघडलं. त्याने स्टार्टर मारला, टेंपो हादरला. कठड्यावरच्या कोंबड्या जरा हलल्या आणि पुन्हा माना पंखांत घालून बसल्या.

"चाची, मागं कोंबड्या हायत अजून."

"झोपल्यात त्या," चाची म्हणाल्या. "हळू चालव."